हेरॉन आयलंडवर एकच पूर्ण दिवस आहे? मग आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या (रीफ म्हणजे समुद्रातली प्रवाळांची रांग) हेरॉन आयलंडला दोन रात्री मुक्काम आहे, मधे एकच पूर्ण दिवस मिळतोय, स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) थोडंफार येतं, आणि कासवं, शार्क, पक्षी, कोरल म्हणजे प्रवाळ हे सगळं नीट बघायचंय तर सकाळी काय, दुपारी काय असा क्रम सांगा. मी या भागात बरीच वर्षं लोकांना रीफवर घेऊन जातेय, त्यामुळे उत्तर लांबेल, पण सगळं सांगते.

पहिलं म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ असा क्रम लावूच नका. तिथला दिवस पाणी ठरवतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मधलं अंतर सहा तासांहून थोडं जास्त, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कुणी तुम्हाला सांगितलं असेल ना की आम्ही सकाळी नऊला गेलो आणि शार्कच शार्क, तर त्या नऊला काही अर्थ नाही, त्या दिवशी नऊला पाणी किती होतं हे महत्त्वाचं. बेट तसं चिमुकलं आहे, आठशे मीटर लांब आणि तीनशे रुंद, पाऊण तासात चक्कर मारून होते, पण ते ज्या रीफच्या पश्चिम टोकाला बसलंय ती रीफ दहा किलोमीटरच्या आसपास पसरलीय. बेटाच्या चहूबाजूंनी उथळ सपाट भाग आहे त्याला रीफ फ्लॅट म्हणतात. भरतीला तिथे पोहायचं आणि ओहोटीला तिथेच चालायचं. एकाच जागी सहा तासांनी परत गेलात तर प्राणीही वेगळे दिसणार आणि बघायची पद्धतही वेगळी.

तेव्हा पोचल्या पोचल्या त्या दोन दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या, तिथे त्या लिहून लावलेल्या असतात, आणि सोबत चंद्र कुठे आहे तेही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, रीफवर चालायला हेच दिवस चांगले. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी, रीफ फ्लॅट धड उघडा पडत नाही, मग चालायचा हट्ट सोडायचा आणि तो वेळ स्नॉर्केलिंगला द्यायचा. उदाहरण देते. समजा सकाळी नऊला ओहोटी आहे, तर सातपासून रीफवर चालायचं, दुपारी तीनच्या भरतीला पोहायचं, आणि रात्रीची भरती साडेतीनच्या सुमाराला म्हणजे कासवांसाठी मध्यरात्रीनंतरचा गजर लावायचा. उलट ओहोटी दुपारी तीनला असेल तर सकाळी नऊला पाण्यात उतरा, दुपारी चाला, आणि कासवं रात्री नऊच्या आगेमागेच येऊ लागतील. बाकी सगळं या दोन टोकांच्या मधे बसतं.

पाण्यावर अवलंबून नाही अशी एकच गोष्ट, पहाट. उजाडायच्या तासभर आधी उठा, झोप नंतर काढता येते. डिसेंबरमध्ये वेज-टेल्ड शिअरवॉटर नावाचे गडद रंगाचे समुद्रपक्षी तिथे जमिनीत बिळं खणून राहतात, दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला येतात, बिळात एकच अंडं घालतात आणि साधारण एप्रिल-मेपर्यंत परत जातात. रात्रभर त्यांचं रडणं चालू असतं, हो रडणंच, तान्हं बाळ कळवळून रडतंय असा आवाज, पहिल्या रात्री माणसं घाबरून उठून बसतात. तर हे पक्षी अंधारातच समुद्रावर निघून जातात आणि पंख लांब, पाय मागे असल्यामुळे त्यांना जागच्या जागी उडता येत नाही, मोकळी वाट धरून धावत सुटतात आणि मग हवेत उठतात. झाडीतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या एका कडेला गुपचूप बसा, टॉर्च बंद ठेवा, पायाशेजारून पक्षी धावत जातील. वाट सोडून मात्र एक पाऊलही टाकू नका. वरून नुसती वाळू आणि पालापाचोळा दिसतो पण खाली बीळ असतं, पाय पडला की छप्पर कोसळतं आणि आतला पक्षी किंवा अंडं गाडलं जातं. यात मी कुणालाही सूट देत नाही, फोटो हवा असला तरी नाही.

उजेड झाला की वर बघायचं. ब्लॅक नॉडी, अंगाने काळा आणि डोक्यावर पांढरी टोपी, सीझनला या बेटावर हजारोंनी घरटी करतो. तुम्हीही टोपी घालूनच फिरा, का ते लगेच लक्षात येईल. पिसोनिया नावाच्या मोठ्या पानांच्या झाडांवर एकेका फांदीवर ओळीने घरटी असतात, आणि घरटं म्हणजे काय तर गळलेली पानं विष्ठेने एकावर एक चिकटवलेली, मधे खळगा, त्यात एक अंडं. एक जोडी निवडा आणि दहा मिनिटं फक्त तिच्याकडे बघा. एक पक्षी खाली उतरतो, एक पान उचलतो, टाकतो, दुसरं उचलतो, तेही टाकतो, ओलसर मऊ पान मिळेपर्यंत हे चालू, मग ते घेऊन वर येतो आणि जोडीदार ते पायाखाली दाबून बसवतो. पिसोनियाला या विष्ठेचं खत मिळतं, नाहीतर कोरलच्या निकृष्ट वाळूत एवढं दाट जंगल उभं राहिलं नसतं. पण याच झाडाच्या बिया भयंकर चिकट असतात, बियांचे घोस पंखांना चिकटले की नॉडीला उडता येत नाही आणि तो तिथेच मरतो. असा पक्षी वाटेवर दिसला तर तुम्हाला वाईट वाटेल, वाटतंच, पण हात लावू नका, तिथल्या रेंजर किंवा गाइडला सांगा.

जमिनीवर कोंबडीसारखा तुरुतुरु पळणारा तो बफ-बँडेड रेल, ताटातलं पळवतो, त्याला खायला घालू नका. पांढरा आणि करडा असे दोन बगळे शेजारी शेजारी दिसले तर त्या दोन जाती नाहीत, रीफ बगळा दोन्ही रंगांत येतो. आणि झाडीत छोटा हिरवट, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला पक्षी दिसला की जरा थांबा, हा कॅप्रिकॉर्न सिल्व्हरआय, मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा अंगाने मोठा झालेला. जिरो किक्कावा या शास्त्रज्ञांनी साठच्या दशकापासून या बेटावर त्याचा अभ्यास केला, एवढ्याशा बेटावरच्या एवढ्याशा पक्ष्यावर.

आता रीफ-वॉक. ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी निघायचं, उतरत्या पाण्यामागे पुढे जायचं आणि पाणी सगळ्यात खाली गेलं की परत फिरायचं. पुष्कळ लोक उलटं करतात, ओहोटी पूर्ण झाल्यावर निघतात आणि मग लांब गेल्यावर पाणी मागून भरायला लागतं, तेव्हा घाईत कोरलवर पाय पडतात. जाड तळाचे जुने बूट, पोलराइज्ड गॉगल, तोल सांभाळायला एक काठी. काठी टोचायला नाही. पाय फक्त वाळूवर, दोन कोरलच्या मधे वाळूच्या वाटा असतात त्या शोधत जायचं, वाट संपली तर मागे फिरायचं. फांद्यांचं कोरल चांगल्या वर्षात दहा-पंधरा सेंटिमीटर वाढतं आणि गोल दगडासारखं दिसणारं कोरल सेंटिमीटरभरच, म्हणजे तुमच्या एका पावलाखाली किती वर्षं मोडली याचा हिशोब करता येतो.

चालताना कमी चाला. एक डबकं निवडा, गुडघाभर पाण्याचं, आणि सावली पाण्यावर पडणार नाही असे उभे राहा. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग समुद्रकाकडी हलतेय हे कळतं, एका टोकाने वाळू गिळते, त्यातलं खाणं काढून घेते आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ वाळूची वळी सोडते. मग शिंपला दिसतो, जायंट क्लॅम, त्याच्या निळ्या-हिरव्या मांसल ओठावर वरून फिरणाऱ्या हाताची नुसती सावली पडली तरी तो आकसतो, कारण त्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. हे एकदा करून बघा, परत परत नको, दरवेळी त्याचं खाणं थांबतं. दगड उलटला तर हळूच जसा होता तसाच परत ठेवायचा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. शंख उचलायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. कोन जातीच्या शंखातला प्राणी विषारी काटा मारतो, १९३५ साली ग्रेट बॅरियर रीफच्याच भागातल्या हेमन आयलंडवर त्यातून एक माणूस दगावलाय. छोटा ऑक्टोपस दिसला आणि त्याच्या अंगावर निळी कडी चमकली तर दोन पावलं मागे.

आणि आता माझा सगळ्यात लाडका प्राणी, एपॉलेट शार्क. मीटरभर लांब, बदामी अंगावर तपकिरी ठिपके, आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना पांढऱ्या कड्याचा एक मोठा काळा डाग, तो डाग दिसला की ओळख पक्की. उथळ पाण्यात हा पोहत नाही, चालतो. पुढचे दोन आणि मागचे दोन पर आळीपाळीने टेकवत, अंग वळवत, कोरलच्या फटीत नाक खुपसत खेकडे-किडे शोधत जातो. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या भागावरूनही एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. त्याच्यात आणखी एक विशेष आहे. रात्री ओहोटी असली की रीफ फ्लॅटवरची डबकी समुद्रापासून तुटतात, अंधारात शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही आणि डबक्यातले सगळे जीव मात्र तो वापरत राहतात, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन घसरत जातो. बाकीचे मासे तडफडतील अशा पाण्यात एपॉलेट शार्क तासाभराहून जास्त टिकतो, शरीरातला खर्च कमी करतो आणि वाट बघतो. हेरॉनवरच युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलंडचं रिसर्च स्टेशन आहे, या शार्कवरचं बरंच काम इथेच झालंय. ओहोटी संध्याकाळी किंवा रात्री येत असेल तर गाइडबरोबर टॉर्च घेऊन जायचं बघा, तेव्हा हे हमखास बाहेर पडतात.

भरतीचा वेळ पाण्यात. डिसेंबरमध्ये आणखी एक गंमत आहे, हे बेट जवळजवळ मकरवृत्तावरच आहे, त्यामुळे २१-२२ तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभं राहिलात तर सावली पायाखाली. उघड्यावर फिरायला ही वेळ वाईट पण पाण्याखाली उजेड सगळ्यात चांगला याच वेळी पोचतो, भरती दुपारची असेल तर नशीबवान आहात. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला, सनस्क्रीन कमीत कमी लागेल असं बघा.

पूर्वेच्या टोकाला शार्क बे नावाचा भाग आहे. आधी उतरू नका, काठावर उभे राहा. पाणी चढायला लागलं की ब्लॅकटिप रीफ शार्क, पाठीवरच्या पराला काळं टोक असलेले, अगदी वीतभर पाण्यात येतात, सोबत रे नावाचे चपटे मासे, म्हणजे शॉव्हेलनोज रे आणि शेपटीला रुंद पट्टा असलेले काउटेल रे. हे शार्क माणसाला बघून पळतात, घाबरायचं कारण नाही, पण काउटेल रेच्या शेपटीत काटा असतो आणि ते वाळूत अंग पुरून बसतात, म्हणून वाळूत चालताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, ते आधीच सरकून जातात.

स्नॉर्केलिंगला जेटीच्या आसपास, बोटींची वाट सोडून, जिथे पोहायला परवानगी आहे तिथेच. तिथे प्रोटेक्टर नावाच्या १८८४ सालच्या युद्धनौकेचा गंजलेला सांगाडा आडवा टाकलाय, लाटा अडवायला, त्याच्या आडोशाला मासे गर्दी करतात. पण लांब पोहत सुटू नका. एक मोठं कोरल निवडा आणि त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर तरंगत राहा. तुमचा श्वास संथ झाला की मासे परत येतात. बोटाएवढा निळा-काळा पट्ट्यांचा मासा एकाच जागी नाचल्यासारखा वरखाली करतोय असं दिसलं तर ते क्लीनर स्टेशन. मोठे मासे तिथे येऊन उभे राहतात, तोंड उघडतात, कल्ले उघडतात, आणि हा छोटा क्लीनर रास त्यांच्या तोंडात शिरून परजीवी खाऊन बाहेर येतो. मासे तिथे खरोखर रांगेत थांबतात. त्याच्यासारखाच दिसणारा एक नकली मासाही असतो, जवळ गेलेल्या माशाचा चावा घेऊन पळतो. एवढं बघायलाच वीस मिनिटं द्या. कान उघडे ठेवा, करकर आवाज येतो तो पॅरटफिश दाताने कोरल खरवडत असतो, आणि मागून वाळूचा ढग सोडतो, आपण ज्या पांढऱ्या वाळूवर उभे राहतो तिच्यात याचा मोठा वाटा आहे.

कोरलच्या रंगाबद्दल नवीन लोकांचा फार गैरसमज असतो म्हणून सांगते. पहिल्यांदा बघणारे म्हणतात, अरे हे तर तपकिरी, मेलंय वाटतं. नाही, तपकिरी हाच पुष्कळशा निरोगी कोरलचा रंग, तो आत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि कोरलला बहुतेक अन्न तेच पुरवतं. पाणी जास्त दिवस गरम राहिलं की कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, काही तर पांढरं पडण्याआधी एकदम भडक निळी-जांभळी होतात, ती बघून लोक खूश होतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. ग्रेट बॅरियर रीफवर १९९८ पासून हे मोठ्या प्रमाणावर परत परत झालंय, २०१६ आणि २०१७ तर लागोपाठ, आणि २०२४ साली हेरॉन ज्या दक्षिण भागात आहे तिथेही जोरात बसलं. तुम्हाला जे कोरल दिसेल त्यात जिवंत काय आणि शेवाळाने झाकलेला मेलेला सांगाडा काय, हे गाइडला आवर्जून विचारा, दोन्ही दिसेल.

पौर्णिमा तुमच्या मुक्कामाच्या तीन-चार दिवस आधी पडत असेल तर कोरल स्पॉनिंगची चौकशी करा. वर्षातल्या मोजक्या रात्री असंख्य कोरल एकाच वेळी अंडी-शुक्राणूंचे गुलाबी कण पाण्यात सोडतात. रात्री पाण्यात जाणं सगळ्यांना जमेल असं नाही, पण दुसऱ्या सकाळी शांत पाण्यावर गुलाबी-तपकिरी पट्टे दिसतात तेच.

रात्र कासवांची. इथे मुख्यतः हिरवी कासवं आणि त्याहून कमी लॉगरहेड, नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडायला अंड्यांना दोनेक महिने लागतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये पिल्लं दिसतील या आशेवर जाऊ नका, ती जानेवारीपासून. मादी भरतीच्या आसपास वर येते कारण ओहोटीला उघड्या रीफवरून सरपटत येणं तिला अवघड. वाळूवर मागे झाडीला पाठ लावून, अंधारात, बिनटॉर्चचं बसायचं. पाण्यातून काळं काहीतरी वर येताना दिसलं की जागचं हलायचं नाही, या वेळी ती सगळ्यात बुजरी असते, उजेड किंवा हालचाल दिसली की परत फिरते. ती वर गेली, पुढच्या पायांनी वाळू उडवत मोठा खड्डा केला, मग मागच्या पायांनी अंड्यांचा खोल खळगा खणायला लागली, तेव्हाही लांबच राहायचं. अंडी पडायला लागली की ती बरीच स्थिर होते, तेव्हा गाइड मागच्या बाजूने जवळ नेतो. त्याआधी ती खळगा खणत असते तेव्हा लांबूनच तिचा मागचा पाय बघा. आळीपाळीने एकेक पाय आत जातो, कड वळवून मूठभर वाळू वर आणतो, बाजूला ठेवतो, आणि दुसरा पाय आधीच्या वाळूला झटका देतो, आणि हे सगळं स्वतःला न दिसणाऱ्या खळग्यात. एका वेळी शंभराच्या वर अंडी, सीझनमध्ये साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच वेळा, आणि मग काही वर्षं येतच नाही. डोळ्यातून पाणी येतं ते मीठ बाहेर टाकायचं, दुःखाचं नाही. फ्लॅश अजिबात नाही, मोबाइलचा स्क्रीनही नाही.

याच बेटावर १९२० च्या दशकात कासवांचं सूप डब्यात भरायचा कारखाना होता, याच माद्या उलट्या करून टाकल्या जायच्या, तो बंद पडून तिथे रिसॉर्ट आलं. आता अडचण वेगळी आहे. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९ अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रीफच्या उत्तर भागातल्या लहान कासवांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या, दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांवरची ६५ ते ६९ टक्के. म्हणून हेरॉनसारख्या दक्षिणेच्या किनाऱ्यांना आता फार महत्त्व आहे.

रात्री कासव नाहीच मिळालं तर हिरमुसू नका, निघायच्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर माग वाचा. दोन्ही बाजूंच्या खुणा समोरासमोर, एकाच वेळी दोन्ही पाय मारल्यासारख्या असतील तर हिरवं कासव, खुणा आळीपाळीने पुढेमागे असतील तर लॉगरहेड. वर गेलेली रेघ आणि खाली आलेली रेघ यांच्या टोकाला उकरलेली वाळू आहे की नुसताच वळसा, यावरून तिने अंडी घातली की तशीच परत गेली याचा अंदाज येतो. मागावरून चालू नका, मोजणी करणारे लोक सकाळी तेच बघतात.

बोटीची ट्रिप घ्यावी का असंही विचारलंय. एकच दिवस असेल आणि वारा कमी असेल तर रीफच्या बाहेरच्या उतारावर एक स्नॉर्केल ट्रिप घ्या, तिथलं कोरल उथळ भागापेक्षा दाट आहे, पण तीही भरती-ओहोटीच्या वेळेशी टक्कर देत असेल तर सोडून द्या आणि रीफ-वॉक ठेवा. व्हेल विचारलेत, त्या हंपबॅक जून ते ऑक्टोबर, डिसेंबरमध्ये धरून चालू नका. सामानात साधी दुर्बीण, लाल उजेडाचा टॉर्च, टोपी, जुने बूट, आणि स्वतःचा मास्क असेल तर तोच आणा, चेहऱ्याला बसणारा मास्क नसला की अर्धा वेळ पाणी काढण्यात जातो. तारखा कळवल्यात तर भरतीच्या वेळा बघून तासागणिक क्रम लावून देते.